जर्मनीतलं पहिलं सत्र: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जर्मनीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते: इथे कोणी तुमच्या मागे लागत नाही. पत्त्याची नोंद राहिली, विम्याचा कागद पोचला नाही, परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, तरी नाव घेऊन कोणी विचारणार नाही. नियम कुठेतरी लिहिलेला असतो, त्याची शेवटची तारीखही दिलेली असते आणि तुम्ही ते वाचलंय असं धरून चालतात. मी मास्टर्सला आले तेव्हा हे मला पहिल्या सत्राच्या अखेरीस कळलं. एका विषयाची तयारी पक्की झाली होती, वह्या भरल्या होत्या, आणि परीक्षेला नाव नोंदवायची मुदत तीन दिवसांपूर्वी संपून गेली होती. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण परीक्षा विभागाच्या यादीत नाव नसेल तर त्यांच्याही हातात काही नसतं. तो पेपर मी सहा महिन्यांनी दिला.

म्हणून पुढचं सगळं कामांच्या क्रमाने लिहिते आहे. इथे एक कागद मिळाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, त्यामुळे क्रम चुकला की सगळंच अडतं.

प्रवेशपत्र हातात आलं की

सगळ्यात आधी घर शोधायला लागा. व्हिसाची फाईल त्याच्या बरोबरीने चालू दे, पण घर त्याच दिवशी. इथली बरीचशी विद्यार्थी वसतिगृहं विद्यापीठ चालवत नाही, त्या भागातलं श्टुडीरेंडेनवेर्क चालवतं. देशभरात अशा ५७ संस्था आहेत आणि विद्यापीठातली खानावळ, म्हणजे मेन्सा, तीही त्यांचीच. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नसतं. वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि म्युनिकसारख्या शहरात त्याची प्रतीक्षायादी लांबच लांब असते. अर्ज भरल्यावर मधून मधून ‘मला अजून खोली हवी आहे’ असं कळवावं लागतं का, तेही पाहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी लागतं, आणि न कळवल्यास नाव यादीतून जातं.

दुसरा मार्ग म्हणजे ‘वेगे’. तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर एकच. इथे घरमालकापेक्षा घरात राहणारी मुलं तुम्हाला निवडतात. त्यामुळे साच्यातला निरोप पाठवू नका. त्यांची जाहिरात पूर्ण वाचली आहे हे कळेल असं दोन ओळीत लिहा, आपण कोण, काय शिकणार, किती दिवस राहणार ते सांगा आणि व्हिडिओवर बोलायची तयारी दाखवा. फसवणूक होते ती याच टप्प्यावर, आणि तिचा प्रकार ठरलेला असतो: मालक परदेशात आहे, घर सुंदर आणि स्वस्त आहे, पैसे भरा, चावी पोस्टाने येईल. खोली आणि माणूस निदान व्हिडिओवर पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

भाड्याचे दोन आकडे ऐकू येतील. काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी वगैरे धरून. तुलना नेहमी वार्ममिटेची करा. अनामत रक्कम काल्टमिटेच्या तीनपटीहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानेच दिला आहे. आणि करारावर सही करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: ‘या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी दफ्तरी पत्त्याची नोंद, करता येईल ना?’ नाही म्हणाले तर ती खोली कितीही चांगली असली तरी सोडून द्या. का ते पुढे येतंच.

पैशांचं थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त दर सत्राचं अंशदान असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलं आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ एवढं ऐकून अर्ज करू नका. व्हिसासाठी श्पेरकोन्टो, म्हणजे गोठवलेलं खातं लागतं: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. ती रक्कम आधी भरायची आणि दर महिन्याला त्यातले ९९२ युरो तुमच्या हातात येतात. भारतातल्या पदवीवर येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा तो प्रवेशाच्या आधीच मागवून ठेवलेला बरा.

पहिल्या महिन्यासाठी श्पेरकोन्टोच्या बाहेरचे पैसेही जवळ हवेत. अनामत, पहिलं भाडं, सत्राचं अंशदान, गादी-पांघरूण हे सगळं एकाच आठवड्यात येतं आणि ९९२ युरो त्याला पुरत नाहीत.

आल्यावरचे पहिले चौदा दिवस

चावी मिळाली की बॅगा उघडण्याआधी खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचे डाग, खिडकीची मूठ, जमिनीवरचे ओरखडे, सगळं. घर ताब्यात घेतानाचं जे पत्रक असतं, युबरगाबेप्रोटोकोल, त्यात ते लिहून घ्या. सोडताना अनामत परत मिळते ती त्याच्या जोरावर.

मग खाली जाऊन पत्रपेटीवर नाव लावा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते न केल्याने किती मुलं अडकतात ते मी पाहिलंय. इथे घराला सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन रस्ता आणि इमारतीचा क्रमांक पाहून येतो आणि मग पेट्यांवरची आडनावं वाचतो. तुमचं आडनाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं पोस्टाने येतं आणि निरनिराळ्या दिवशी येतं. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाचं बँक कार्ड दोनदा परत गेलं. तो रोज ॲप उघडून बघायचा, बँकेला ईमेल करायचा, आणि खाली पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. कागदाच्या पट्टीवर पेनाने आडनाव लिहून पारदर्शक चिकटपट्टीने लावलं तरी चालतं. स्पेलिंग मात्र पासपोर्टवरचंच.

आता आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या स्थानिक सरकारी कचेरीत, पत्त्याची नोंद करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाचं पुष्टिपत्र एवढं लागतं. त्या पत्राचं जर्मन नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. शब्द लांब आहे, पण काउंटरवर तोच ऐकू येतो, म्हणून ओळखीचा असू द्या. नुसता भाडेकरार चालत नाही, हे पत्र वेगळं. मोठ्या शहरांत बुर्गरआम्टची वेळ दोन आठवड्यांत मिळेलच असं नाही, म्हणून तारीख कळली की तिकडूनच, विमानात बसण्याआधी, ऑनलाईन वेळ घेऊन ठेवा. रद्द झालेल्या वेळा सकाळी कचेरी उघडताना पुन्हा दिसू लागतात, तेव्हा बघत राहा.

या नोंदीचा शिक्का बसलेला कागद जपून ठेवा, त्याचे फोटो काढा. खातं उघडताना आणि पुढच्या निवास परवान्याला तो मागतात. नोंद झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी कर क्रमांक आपोआप पोस्टाने येतो, आणि नोकरी करायची असेल तर तो लागतो. आणखी एक पत्र येईल ते रेडिओ-टीव्हीच्या अंशदानाचं: महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं. अनेकांना ते फसवणुकीचं वाटतं आणि ते कचऱ्यात टाकतात. तसं करू नका, ते खरं असतं. पण ते माणशी नसून घरटी असतं. वेगेत एक जण भरत असेल तर त्याचा अंशदान क्रमांक कळवून बाकीचे मोकळे होतात.

विमा हा विद्यापीठातल्या नावनोंदणीचा भाग आहे. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते, ते पोचल्याशिवाय विद्यार्थी ओळखपत्र निघत नाही. वय ३० च्या आत असेल तर सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. खासगी विमा स्वस्त दिसतो, पण एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. मी सार्वजनिकच घ्या म्हणेन. दर महिन्याचा हप्ता जड वाटतो, पण आजारपणात बिलांच्या मागे धावावं लागत नाही.

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. ‘वेळ मिळत नाही’ ही तक्रार सगळीकडे आहे, पण अर्ज मुदतीत केल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. ऑनलाईन अर्ज असेल तर त्याची पोच, ईमेल केला असेल तर त्याची प्रत. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी तात्पुरतं पत्र मिळतं. प्रवासाला निघायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा.

वर्गात

विद्यापीठात हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. मधल्या दोन आठवड्यांत ओळख सप्ताह असतो. तो चुकवू नका. गाणी-खेळ आवडत नसतील तरी जा, कारण पुढचं सगळं वर्ष ज्यांच्याबरोबर गृहपाठ करायचा ते गट याच आठवड्यात जमतात.

वेळापत्रकात १० पुढे ‘सी. टी.’ लिहिलेलं दिसलं तर तास १० वाजून १५ मिनिटांनी सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर १० ला. तास संपला की मुलं बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, तीच इथली टाळी. प्राध्यापकांशी बोलताना ‘झी’, मुलांमध्ये ‘डू’. हे आपल्याला अहो-जाहो आणि अरे-तुरेच्या सवयीने लगेच जमतं.

व्याख्यानाला हजेरी बहुधा घेत नाहीत. याचा अर्थ न गेलं तरी चालेल असा घेऊ नका. खरं शिक्षण व्याख्यानाबरोबरच्या युबुंगमध्ये होतं: दर आठवड्याला प्रश्नांचा एक कागद, तो दोघा-तिघांनी सोडवून द्यायचा, तपासून परत येतो. काही विषयांत, विशेषतः गणित आणि संगणकशास्त्रात, या कागदांवर निम्मे गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. पहिला कागद हातात आला तेव्हा मी चार प्रश्नांवर आठ तास बसले आणि दीड प्रश्न सुटला. आपल्यालाच येत नाही असं वाटून मी कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गटात बसले तेव्हा कळलं की सगळ्यांचं तसंच चाललंय, ते फक्त एकत्र बसून चुका करताहेत. कळलं नाही तर त्याच आठवड्यात विचारा. प्राध्यापकांचा श्प्रेखश्टुंडे, म्हणजे भेटीचा तास, त्यासाठीच असतो. ‘मला काहीच कळलं नाही’ असं म्हणत जाऊ नका. सोडवलेला कागद पुढे ठेवा आणि कुठल्या ओळीवर अडलो ते दाखवा. मग ते वीस मिनिटं मन लावून सांगतात.

किती विषय घ्यावेत? पूर्ण सत्र ३० श्रेयांकांचं धरलेलं असतं. एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ३० धरले तर सत्राला ९०० तास, म्हणजे सहा महिने, सुट्टीचे दिवस धरूनही, आठवड्याला सुमारे ३५ तास. आणि पहिल्या सत्रात कचेऱ्या, पत्रं, भाषा आणि स्वयंपाक हे त्याच्या वर येतं. पहिल्या सत्रात २० ते २४ श्रेयांक पुरेत, असं माझं मत आहे. वेगळी अट नसेल तर राहिलेले पुढे भरून काढता येतात. नापास झालेला प्रयत्न मात्र पुसला जात नाही.

कारण प्रयत्न मोजलेले असतात. प्रत्येक अभ्यासक्रमाची एक प्रुफुंग्सओर्डनुंग, परीक्षा नियमावली, असते. बऱ्याच ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी, आणि अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालं तर तो अभ्यासक्रमच बंद होतो. मग तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठात घेणंही अवघड होऊन बसतं. हे वाचून घाबरू नका, नियमावली वाचा. पहिल्याच आठवड्यात तिच्यातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: परीक्षेची नोंदणी कधी ते कधी, नाव मागे घ्यायची शेवटची तारीख, संधी किती, आणि आजारी पडल्यास डॉक्टरांचा दाखला किती दिवसांत. परीक्षेच्या दिवशी ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दुसऱ्या दिवशीचा दाखला मागच्या दिवसासाठी धरतीलच असं नाही. नोंदणीनंतर पोर्टलवरची ‘नोंदणी झाली’ ही ओळ दिसते, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. माझी पहिल्या सत्रातली चूक याच जागी झाली होती: व्याख्यानाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं मी समजले. त्या दोन वेगळ्या नोंदी असतात.

गुण उलटे चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या विभागीय गटाकडे, फाखशाफ्टकडे, मिळतात.

आणि निकाल लागल्यावर आइनझिश्टला जा. तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हा हक्क आहे आणि नवी मुलं तो सोडून देतात, उद्धटपणा वाटेल म्हणून. तसं काही वाटत नाही कोणाला. दुसऱ्या सत्रातलं माझं आइनझिश्ट एका लहान खोलीत होतं. लांब टेबलावर नावाप्रमाणे कागद लावलेले, भिंतीवर नमुना उत्तरं, स्वतःचा पेन बॅगेत ठेवायला सांगितलेलं. मी एकेक पान उलटत गुणांची बेरीज केली. शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला मी उत्तर पुढे चालू ठेवलं होतं, ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं होतं. मी हात वर केला, सहायक आल्या, त्यांनी वाचलं, चार गुण लिहिले आणि सही केली. २.७ चे २.३ झाले. बोलणं जेमतेम तीन वाक्यांचं झालं.

पैसे मिळवणं, आणि भाषा

मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तास चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादाही पाळा, नाहीतर विम्याचा विद्यार्थी दर जातो. विद्यापीठातल्याच सहायकाच्या कामाचे दिवस, ज्याला सगळे ‘हिवी’ म्हणतात, त्या १४० दिवसांत मोजत नाहीत. मी पहिल्या सत्रात काम घेऊ नका म्हणेन, आणि दुसऱ्या सत्रात हिवी मिळतं का ते आधी बघा म्हणेन: पैसे येतात, विभागात ओळख होते आणि प्रबंधाचा विषयही कधीकधी तिथेच सापडतो.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन शिका. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातले वर्ग फुकट किंवा अगदी कमी पैशांत असतात आणि जागा सत्राच्या पहिल्या दिवसांतच भरतात. पहिलं उद्दिष्ट माफक ठेवा: घरी आलेलं पत्र उघडून त्यातली तारीख, रक्कम आणि ‘फ्रिस्ट’ हा शब्द ओळखता यायला हवा. फ्रिस्ट म्हणजे मुदत.

रोजच्यातलं

रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी सामान आणा. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि डब्यांवर २५ सेंट जास्त घेतात, ते यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळतात. रात्री १० नंतर शांतता. सायकलला पुढे-मागे दिवा हवाच. वैयक्तिक दायित्व विमा, हाफ्टप्फ्लिष्ट, आठवणीने घ्या आणि त्यात किल्ली हरवणं धरलंय का ते बघा. वसतिगृहाची किल्ली हरवली तर कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च येतो.

तातडीला ११२. जीवाला धोका नाही, पण डॉक्टर हवा आणि दवाखाने बंद आहेत, अशा वेळी ११६११७. एरवीसाठी जवळच्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, बरं असतानाच नाव घालून ठेवा.

आणि नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. ओळख सप्ताहाची गर्दी ओसरलेली असते, युबुंगचे कागद चढत असतात, घरच्यांशी बोलताना ‘सगळं छान आहे’ म्हणायची सवय लागलेली असते. मला त्या महिन्यात झोप येत नव्हती आणि मी ते थकव्यावर ढकललं. तुम्ही ढकलू नका. श्टुडीरेंडेनवेर्कचं मानसिक समुपदेशन बहुतेक ठिकाणी मोफत असतं, अनेक शहरांत इंग्रजीतही मिळतं, आणि विद्यापीठाला त्यातलं काही कळवत नाहीत. पहिली भेट मिळायला थोडे दिवस जातात, म्हणून फार बिघडण्याची वाट न पाहता लिहा. तोवर रोज दुपारी, उजेड असेपर्यंत, अर्धा तास बाहेर चाला आणि दुपारचं जेवण खोलीत एकटं न घेता मेन्सात कोणाबरोबर तरी घ्या. मला त्यातूनच युबुंगचा गट मिळाला.

पुढच्या सत्रासाठी

परीक्षांच्या धांदलीत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, रुकमेल्डुंगची मुदत येते. पुढच्या सत्राचं अंशदान भरलं की नाव चालू राहतं, नाही भरलं तर विद्यापीठ नाव काढून टाकतं आणि निवास परवानाही धोक्यात येतो. पैसे पाठवताना संदर्भाच्या रकान्यात विद्यापीठाने दिलेली ओळ जशीच्या तशी उतरवा, विद्यार्थी क्रमांकासकट. एक आकडा चुकला तर पैसे तुमच्या नावावर लागत नाहीत. पैसे तुमच्या नावावर जमा दिसायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवा आणि पोर्टलवर नव्या सत्राचं नोंदणीपत्र दिसतंय का ते उघडून बघा.